पार्क स्ट्रीटची दफनभूमी आणि एक बिननावाचे पंडित



आपल्यात कबर नसते. अग्नी दिला, रक्षा विसर्जन केली, घरी येऊन अंघोळी झाल्या, सुतकाचे दिवस पाळले, की मंदिरात जायचं आणि रोजच्या कामाला लागायचं. पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही, वर्षश्राद्ध नाही. (आता शेजारपाजाऱ्यांचं बघून काही घरांत तेराव्याची जेवणावळ शिरली आहे, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.) म्हणून यंदा शिखरजीची वंदना करून परत येताना कोलकात्यात एक सकाळ मोकळी मिळाली आणि माझ्या भाचीने आम्हा सगळ्यांची नावं इंग्रजांच्या जुन्या दफनभूमीच्या फेरीत घालून टाकली, तेव्हा आमच्यातल्या थोरल्या अक्का चांगल्याच रागावल्या. “पैसे देऊन मसणवाट बघायची?” सत्तावीस किलोमीटरचा डोंगर चढून-उतरून सगळ्यांच्या पोटऱ्या भरून आलेल्या, त्यात हे.

भाची कोलकात्यात नोकरीला आहे. तिने अक्कांना एवढंच सांगितलं, की तिथे एक माणूस पुरलेला आहे, ज्याच्या चित्रात बाहुबली भगवान आहेत. अक्का उठल्या आणि चपला शोधू लागल्या.

ही साउथ पार्क स्ट्रीटची दफनभूमी. शहराच्या अगदी गजबजलेल्या भागात आहे, पण भिंतीच्या आत पाऊल टाकलं की हॉर्नचे आवाज एकदम लांब जातात. २५ ऑगस्ट १७६७ ला ती सुरू झाली आणि साधारण १८३० पर्यंत तिथे दफनं होत राहिली. तेव्हा या रस्त्याचं नावच दफनभूमीचा रस्ता असं होतं. पुढे सर एलायजा इम्पे या न्यायाधीशाने जवळच हरणं पाळलेलं मोठं उद्यान ठेवलं होतं, त्यावरून पार्क स्ट्रीट झालं. आता अधिकृत नाव मदर तेरेसा सरणी आहे, पण टॅक्सीवाल्याला पार्क स्ट्रीटच सांगावं लागतं.

साल १७६७ लक्षात ठेवा. त्याआधी दहाच वर्षं प्लासी झाली होती. आणि प्लासीच्या कटात पैशाची बाजू ज्यांनी सांभाळली ते मुर्शिदाबादचे जगत्सेठ म्हणजे ओसवाल जैन घराणं. १७२३ साली फतेचंद यांना बादशहाकडून ‘जगत्सेठ’ ही पदवी मिळाली. त्यांच्या पेढीतून नवाब कर्ज घेत, इंग्रज कंपनीही घेई. प्लासीनंतर सहाच वर्षांत, १७६३ मध्ये, मीर कासीमने महताबराय आणि स्वरूपचंद या दोघा सेठांना ठार मारलं. शाळेच्या पुस्तकात ही माणसं एका ओळीत येतात आणि जातात. इथे फिरताना मला सारखं वाटत होतं, की ज्या कंपनीच्या लोकांना या पेढीने हात दिला त्यांचे तीस-तीस फुटांचे मनोरे आपण मान वर करून बघतोय.

मनोरे खरंच उंच आहेत. कोणी टोकदार खांब उभारलाय, कोणी मिसरी पिरॅमिड, कोणी खांबांवर तोललेला घुमट, जणू छोटं ग्रीक देऊळ. लांबून संगमरवरी वाटतात, पण जवळ गेलं की कळतं, आत बंगालची वीट आणि वर चुन्याचा गिलावा. दगड दुर्मीळ, म्हणून संगमरवर फक्त नावाच्या पाटीपुरता. गिलाव्यावर शेवाळ, भेगांतून पिंपळ. अशी सोळाशेच्या आसपास थडगी आहेत. आमची गाईड तिशीची बंगाली मुलगी, हिंदीत बोलत होती. ती म्हणाली, तेव्हा कलकत्त्यात येणाऱ्या इंग्रजाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, असंच म्हणत. पावसाळा संपला की जगलेले लोक एकमेकांना जेवायला बोलवायचे. मग पाट्यांवरची वयं वाचायला लागलो तशा आम्ही गप्प होत गेलो. विशीतले कारकून, तिशीतले कप्तान.

आणि बायका. ज्या पाट्या वाचता आल्या त्यांत कितीतरी कोवळ्या वयाच्या बायकांच्या. बाळंतपणात गेलेल्या, कुठे आईजवळच बाळाचंही नाव. घर सहा महिन्यांच्या जहाजाच्या अंतरावर, सोबत आई नाही, सुईण भाषा न कळणारी, वर हा उकाडा आणि अंगात हाडांच्या पट्ट्यांची घट्ट चोळी. भाची पाट्यांवरचं इंग्रजी आम्हाला मराठीत सांगत होती. एका पाटीपाशी तीन मुलं एकामागून एक गेल्याचं लिहिलं होतं, तिथे अक्कांनी हात जोडले आणि णमोकार म्हटला. परधर्माच्या कबरीपुढे णमोकार म्हणावा का, असं आमच्यातलीच एक पुटपुटली. अक्का म्हणाल्या, “बाळाला कसला धर्म?”

रोझ आयल्मर नावाच्या मुलीचं थडगं सगळ्यांना दाखवतात, कारण एका इंग्रज कवीने तिच्यावर कविता केली आणि ती पुढे तिथे कोरली गेली. पीळ घातलेल्या मोठ्या मेणबत्तीसारखा खांब आहे. २ मार्च १८०० ला ती गेली, वय वीस. लोक म्हणत, अननस जास्त खाल्ले म्हणून गेली. आजार पोटाचा होता, बहुधा कॉलरा. तेव्हा कॉलरा पाण्यातून येतो हे कोणालाच माहीत नव्हतं. लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरांनी ते १८५४ साली दाखवून दिलं. आपण पाणी गाळतो ते जीवदयेसाठी, आजाराचा हिशेब त्यात नव्हता. पण २००३ साली प्रसिद्ध झालेला बांगलादेशातला एक अभ्यास सांगण्याजोगा आहे. तिथल्या खेड्यांत बायकांना जुनी सुती साडी चार पदरी घडी करून त्यातून पाणी गाळायला शिकवलं, तर कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात. कापड जुनंच हवं, कारण धुऊन धुऊन सुताचे धागे फुलतात आणि छिद्रं बारीक होतात. आमच्या सासूबाई गाळण्यासाठी नवं कापड कधीच काढायच्या नाहीत, जुन्या पातळाचाच तुकडा घ्यायच्या. कारण विचारलं की म्हणायच्या, असंच असतं.

सर विल्यम जोन्स यांचा मनोरा इथे सर्वांत उंच. त्यांनी १७८४ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी स्थापन केली, संस्कृत शिकले, आणि १७९४ साली सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. गाईडने त्यांच्यावर बराच वेळ घेतला. त्यांची माहिती कुठेही मिळते, म्हणून मी पुढे जाते. डेरोझिओचंही तसंच. बावीस वर्षांचा तरुण शिक्षक, सगळ्या बंगालला विचार करायला लावून गेला, त्याच्या थडग्यावर ताजी फुलं होती.

आमचा घोळका खरा थबकला तो एका देवळापुढे. हो, देऊळच. ख्रिस्ती दफनभूमीत कोरीव दाराचं, शिखराचं काळसर दगडी देऊळ. हे चार्ल्स स्टुअर्ट यांचं थडगं. कंपनीच्या फौजेत मेजर जनरल, पण रोज चालत गंगेवर जाऊन अंघोळ करणारे, मूर्ती पुजणारे, म्हणून लोक त्यांना ‘हिंदू स्टुअर्ट’ म्हणत. १८२८ साली गेले. त्यांनी वर्तमानपत्रात पत्रं लिहून इंग्रज बायकांना साडी नेसण्याचा आग्रह केला होता आणि चोळीतल्या लोखंडी पट्ट्यांची यथेच्छ टर उडवली होती. हे ऐकून आमच्यात हशा पिकला. एक वहिनी म्हणाल्या, “बाई, हा तर आपलाच माणूस!”

पण थांबा. स्टुअर्ट यांनी देशभरातून मूर्ती गोळा केल्या होत्या, घर म्हणजे संग्रहालयच. त्यांच्या मृत्यूनंतर तो संग्रह लंडनला गेला, ब्रिज नावाच्या कुटुंबाकडे आला आणि १८७२ साली ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचला. तिथे आज ओडिशातली एक सुंदर दगडी मूर्ती आहे, भगवान ऋषभनाथ आणि भगवान महावीर शेजारी शेजारी कायोत्सर्गात उभे. पहिले आणि शेवटचे तीर्थंकर एकाच शिळेत. ती याच संग्रहातून गेलेली. स्टुअर्ट यांच्यानंतर काही वर्षांनी किटो नावाचा एक इंग्रज अधिकारी भुवनेश्वरला गेला, तर पुजाऱ्यांनी त्याच्याकडे तक्रार केली, की कोणी एक कर्नलसाहेब आमच्या मूर्ती आणि लेख उचलून घेऊन गेला. चौकशीत नाव स्टुअर्ट यांचं निघालं आणि काही शिलालेख परत पाठवले गेले. मूर्ती मात्र गेल्या त्या गेल्याच.

साडीवरचं हसू तिथेच विरलं. मूर्तीवर प्रेम करणारा माणूस ती देवळातून उचलून दिवाणखान्यात ठेवतो, याला मी तरी भक्ती म्हणणार नाही. गाईडचं मत वेगळं होतं. त्यांनी नेल्या नसत्या तर फुटल्या असत्या, असं ती म्हणाली. असेलही. पण ज्या बस्तीत त्या मूर्तीचा रोज अभिषेक होत असेल तिथल्या बायकांना कोणी विचारलं होतं का?

आता ज्यांच्यासाठी अक्का आल्या होत्या त्यांच्याकडे येते.

कॉलिन मॅकेंझी. १७५४ साली स्कॉटलंडच्या एका बेटावर जन्म, १७८३ साली मद्रासला आगमन. कंपनीच्या फौजेतले इंजिनिअर. टिपू सुलतान १७९९ साली पडल्यावर म्हैसूर राज्याची मोजणी करण्याचं काम त्यांना मिळालं आणि ते दहा वर्षं चाललं. १८१५ साली ते भारताचे पहिले सर्व्हेअर जनरल झाले, ८ मे १८२१ ला वारले आणि इथे पुरले गेले. गाईडच्या नेहमीच्या फेरीत त्यांना फार वेळ नसतो, कारण ना कविता, ना प्रेमकथा. आम्ही विचारलं म्हणून ती थांबली आणि मग आम्हालाच विचारू लागली, “आप लोगों को ये कैसे मालूम?”

मॅकेंझी जमीन मोजायला जात तिथे गावाचा इतिहासही गोळा करत. देवळातले लेख, ताम्रपट, ताडपत्रं, म्हाताऱ्यांच्या आठवणी. त्यांच्या मृत्यूनंतर जी यादी झाली तिच्यात १,५६८ हस्तलिखितं, ८,०७६ शिलालेखांच्या नकला आणि ६,२१८ नाणी निघाली. जावा बेटावर असताना त्यांनी पेट्रोनेला या मुलीशी लग्न केलं होतं. हा सगळा पसारा त्या विधवा बाईच्या पदरी आला आणि तिने तो कंपनीला १० हजार पौंडांना विकला. आज त्याचे भाग चेन्नईत आणि लंडनमध्ये आहेत. दक्षिणेच्या इतिहासाचं कोणतंही जाडजूड पुस्तक उघडा, ‘मॅकेंझी संग्रह’ हे नाव येणारच.

आता गंमत अशी, की मॅकेंझीसाहेबांना आपल्याकडच्या भाषा येत नव्हत्या. मग हे वाचलं कोणी? कावली वेंकट बोरय्या नावाचा तेलुगू ब्राह्मण तरुण त्यांचा मुख्य दुभाषा होता. तो १८०३ साली, तिशीही गाठण्याआधी गेला, आणि त्याचा भाऊ लक्ष्मय्या याने काम पुढे नेलं. आणि जुन्या कानडीतले लेख वाचायला त्यांच्याकडे होते धर्मय्या, म्हैसूर मुलखातल्या मलेयूरचे जैन पंडित. हळेगन्नड, म्हणजे हजार वर्षांपूर्वीची कानडी, सहज वाचणारी माणसं तेव्हाही थोडीच होती आणि त्यांतले बरेच आपल्या बस्त्यांतले पंडित आणि उपाध्ये होते. पंप, पोन्न, रन्न हे त्या भाषेचे तिन्ही थोर कवी जैन, तेव्हा त्यात नवल नाही.

थॉमस हिकी या चित्रकाराने १८१६ साली मॅकेंझींचं तैलचित्र काढलं. भाचीने मोबाईलवर दाखवलं. लाल कोटातला उंच गोरा माणूस, त्याच्याभोवती तीन भारतीय. एकाच्या हातात दुर्बीण, एकाच्या हातात ताडपत्राची पोथी. मागे लांब टेकडीवर बाहुबली उभे. पोथीवाले ते धर्मय्या, असं अभ्यासक मानतात. अक्कांनी चष्मा वर करून खूप वेळ तो फोन हातात धरला. “साहेबाला चित्रात बाहुबलीच का हवे वाटले असतील?” असं त्यांनी विचारलं. गाईड म्हणाली, आयुष्यभर जे शोधलं त्यातलं सर्वांत मोठं तेच असेल.

मॅकेंझींचं आपल्यावरचं काम वेगळंच आहे. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेचा नववा खंड १८०७ साली कलकत्त्यात छापला गेला. त्यात जैनांबद्दलचे लेख एकापाठोपाठ एक आले. एक कोलब्रुक या मोठ्या संस्कृत पंडिताचा, आणि त्याच्या आधी मॅकेंझींनी गोळा केलेली माहिती. युरोपात तोवर जैन म्हणजे कोण हे धड माहीत नव्हतं. बौद्धांची शाखा, हिंदूंची जात, काहीही समजत. आपले गणधर इंद्रभूती गौतम आणि गौतम बुद्ध एकच, असाही एक घोटाळा पुढे बरीच वर्षं चालला. हर्मन याकोबी या जर्मन पंडिताने १८७९ साली जैन धर्म बौद्धांहून वेगळा आणि स्वतंत्र असल्याचं पुराव्यानिशी मांडलं तेव्हा ते मिटलं. पण सुरुवात त्या नवव्या खंडाने झाली. तिथे पहिल्यांदा आपली माणसं स्वतःच्या तोंडाने बोलली होती.

कोण बोललं होतं? बेळगोळच्या मठाधीशांकडून मिळालेली माहिती त्यात आहे आणि चारुकीर्ती हे नाव छापलेलं आहे. ते नाव आपल्याला ओळखीचं, कारण त्या गादीवर जे बसतात ते सगळे चारुकीर्तीच. दुसरा जो मोठा मजकूर आहे, त्याच्या मथळ्यात लिहिलंय की हा मुडगेरी इथल्या या पंथाच्या एका पुरोहिताकडून घेतला, भाषांतर कावली बोरय्या, मेजर मॅकेंझींसाठी. साहेबाचं नाव आहे, दुभाषाचं नाव आहे. ज्याने सांगितलं त्याचं गाव आहे, नाव नाही.

मी मागे एकदा इंटरनेटवर तो मजकूर भाचीकडून समजून घेतला होता. कालचक्र, तीर्थंकर, यतींचा आचार, गृहस्थांची व्रतं, सगळं त्या पंडिताने नीट सांगितलंय. आणि मृत्यूनंतरच्या चालींबद्दल त्याने जे सांगितलं ते त्या दफनभूमीत उभी असताना मला आठवलं. मेलेल्याच्या नावाने खर्च करणं, जेवणावळी घालणं व्यर्थ आहे, असं तो म्हणतो. दुसऱ्याने खाल्लं तर गेलेल्याचं पोट कसं भरेल? आणि दाखला देतो दिव्याचा. ज्योत विझल्यावर वरून कितीही तेल घाला, उजेड काही पडत नाही.

मी हे सगळ्यांना सांगितलं. भोवती दोनशे वर्षांची तेलं ओतलेली. तीस फुटी मनोरे, ग्रीक खांब, संगमरवरी पाट्या. आमच्यातल्या एकीने लगेच म्हटलं, “मग त्या पंडिताला नावाची हौस नसणारच. आपण कशाला हळहळायचं?”

हे मला मान्य नाही, आणि का नाही ते सांगते. आपले लोक कबर बांधत नव्हते, पण नाव लिहीत होते. श्रवणबेळगोळला गेलात तर सगळ्या जणी विंध्यगिरीवर बाहुबलींकडे धावतात. मराठी माणसं तिथे पायाशी चामुंडरायांचा मराठीतला लेख बघून फोटो काढतात. समोरच्या चंद्रगिरीवर फार कमी जणी जातात. तिथे खडकावर आणि खांबांवर निषिधीचे लेख आहेत, म्हणजे सल्लेखना घेतलेल्यांच्या आठवणीचे. सर्वांत जुने सातव्या शतकातले. पुढच्या काळातल्या काही शिळांवर कोरीव चित्रंही असतात, समोरासमोर गुरू आणि व्रती, मध्ये पोथीची चौकी. देह तिथे नसतो. खाली काही पुरलेलं नसतं. फक्त कोण, कोणाची शिष्या, कोणतं व्रत घेऊन गेली एवढंच.

आणि त्यात बायका आहेत! सातव्या शतकातल्या लेखात नागमती नावाच्या आर्यिका आहेत, मौनी गुरूंच्या शिष्या, तीन महिने व्रत पाळून गेलेल्या. बाराव्या शतकात होयसळांचे सेनापती गंगराज यांच्या पत्नी लक्ष्मीमती आहेत. शांतलादेवीच्या आई माचिकब्बे आहेत, ज्यांनी लेक गेल्यावर बेळगोळला येऊन सल्लेखना घेतली. राण्या-सेनापतीणी सोडा, नागमती काही राणी नव्हत्या. चित्तूरच्या एका गुरूंच्या शिष्या, एवढीच त्यांची ओळख, आणि ती तेराशे वर्षं टिकली. ते लेख गेलेल्याला उजेड पोचवायला नव्हतेच. मागे राहिलेल्यांना वाट दिसावी म्हणून होते.

मग मधल्या काळात काय झालं? आमच्या घरी हेळवी येतो, वंशावळ वाचणारा. मी लग्न होऊन आले त्या वर्षी त्याने आमच्या अकरा पिढ्या घडाघडा वाचल्या. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचे तीन मुलगे. बाईचं नाव मी ऐकलं नाही. माझ्या आजेसासूबाईंनी शेवटच्या बावीस दिवसांत अन्न, मग दूध, मग पाणी सोडून समाधिमरण साधलं होतं. त्यांनी स्वतःच्या पाटल्या मोडून एका बस्तीच्या फरशीला पैसे दिले होते. तिथल्या पाटीवर आजेसासऱ्यांचं नाव आहे आणि पुढे ‘व कुटुंबीय’. मी त्या फरशीवर कितीदा सामायिकाला बसले असेन. इथे, जिच्याशी आपला काडीचा संबंध नाही अशा इंग्रज पोरीचं नाव, वय, तारीख, आईबापांची नावं दोनशे वर्षांनी भाची मला वाचून दाखवत होती. विटा ढासळल्यात, पिंपळ उगवलाय, पण नाव वाचता येतं.

परत आल्यावर मी आजेसासूबाईंचं नाव, माहेरचं गाव, व्रताचे दिवस आणि कोणत्या आर्यिका माताजी तेव्हा जवळ होत्या ते सगळं सासूबाईंकडून लिहून घेतलं. त्यांना माहेरचं गाव सांगताना दोनदा थांबावं लागलं. त्यांच्याखेरीज ते आता कोणालाच माहीत नाही. तिथल्या विश्वस्तांना पाटीबद्दल पत्र दिलंय. उत्तर यायचंय.

मॅकेंझींबद्दलचं माझं मत विचाराल तर सरळ नाही. ते मोजणी करत होते ती कंपनीच्या कारभारासाठी, हे विसरून चालणार नाही. पण स्टुअर्टसाहेबांनी मूर्ती उचलली, यांनी बहुतेक वेळा लेखाची नक्कल केली आणि दगड जागेवर राहू दिला, हा फरक मला मोठा वाटतो. दुभाषांची नावंही त्यांनी छापू दिली, जे त्या काळात कितीतरी साहेबांनी केलं नाही. मुडगेरीच्या पंडिताचं नाव राहिलं ते त्यांनी विचारलंच नाही म्हणून, की पंडितानेच सांगितलं नाही म्हणून? अक्का म्हणतात, आपला माणूस स्वतःचं नाव पुढे करणार नाही, गुरूचं सांगेल. मला वाटतं, विचारायचं काम विचारणाऱ्याचं.

शिखरजीला जाणाऱ्यांनी कोलकात्यात अर्धा दिवस ठेवायला हरकत नाही. सकाळी लवकर जा, डास फार असतात. मुंग्यांच्या रांगा आणि शेवाळ सगळीकडे, तेव्हा पायाखाली बघून, ईर्यासमितीनेच चालावं लागतं आणि ते बरंही आहे, कारण फरशा घसरड्या आहेत. पाणी आपलं गाळून उकळलेलं बरोबर घ्या. फेरी आटोपून आम्ही खोलीवर येऊन अंघोळी केल्या, कारण अक्कांना समजावणं शक्य नव्हतं, आणि मग बेलगाछियाच्या दिगंबर मंदिरात गेलो. बद्रीदास यांनी १८६७ साली बांधलेलं शीतलनाथांचं काचकामाचं मंदिरही बघण्यासारखं आहे, वेळ असेल तर तेही करा.

आणि त्याच पार्क स्ट्रीटच्या दुसऱ्या टोकाला, एक नंबरच्या इमारतीत एशियाटिक सोसायटी आजही आहे. नववा खंड त्यांनीच काढलेला. तुमच्यापैकी कोणाची लेक किंवा सून इतिहासाची विद्यार्थिनी असेल, कानडी येत असेल, तर तिला चेन्नईतले मॅकेंझींचे कागद बघायला सांगा. मुडगेरीच्या पंडितांचं नाव तिथल्या एखाद्या टिपणात असू शकेल. सापडलं तर मला आधी कळवा, अक्का रोज विचारतात.